बांदोलची लाल वाइन आणि तिच्या जोडीचं जेवण: शुक्रवार ते रविवार

बांदोलची लाल वाइन रविवारी दुपारच्या जेवणाला प्यायची असेल, तर शुक्रवारी रात्रीच कामाला लागावं लागतं. शुक्रवारी मटण वाइनमध्ये भिजत घालायचं, शनिवारी मंद आचेवर शिजवायचं (या पदार्थाला दोब म्हणतात), रात्रभर मुरू द्यायचं आणि रविवारी जेवणाच्या तीनेक तास आधी बाटली उघडून ठेवायची. इतकं केल्यावर ही वाइन जे देते, ते मला दक्षिण फ्रान्सच्या दुसऱ्या कुठल्याच लाल वाइनमध्ये मिळालेलं नाही. घाईघाईत उघडली तर मात्र ती तुरट लागते, वासही रानटी येतो. लोक दोन घोट घेऊन ग्लास बाजूला सारतात आणि एवढे पैसे कशाचे घेतात, असं विचारतात.

एक्स-आं-प्रोव्हान्समध्ये आम्ही सहा वर्षं राहिलो. नवरा कादाराशला, ईटर या अणुसंमीलन प्रकल्पावर काम करत होता. भारत त्या प्रकल्पातला एक भागीदार देश आहे. बांदोल आमच्या घरापासून गाडीने साधारण तासाभरावर. पहिली बाटली आणली त्याच संध्याकाळी उघडली, तीही तळलेल्या मासळीबरोबर. दोन्हींची चव बिघडली. शेजारच्या आजींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि दोब कधी केली होतीस?" पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिकले.

आधी ही वाइन समजून घ्या

बांदोल हे मार्सेय आणि तुलों या दोन शहरांच्या मधलं भूमध्य समुद्रावरचं लहानसं बंदर. आतल्या गावांमध्ये तयार झालेल्या वाइनची पिंपं या धक्क्यावरून जहाजात चढायची, म्हणून वाइनला बंदराचंच नाव पडलं. द्राक्षमळे मात्र बहुतेक बंदराच्या मागे, डोंगरांच्या अर्धगोलात आहेत. आपल्याकडे हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तशी फ्रान्समध्ये वाइनला 'अपेलासिओं' असते. फरक इतकाच की तिथे गावाबरोबर द्राक्षाची जात, उत्पन्न आणि वाइन मुरवण्याचा काळ हे सगळंही नियमाने बांधलेलं असतं. बांदोलला ती 1941 साली मिळाली. तिच्यात आठ गावं येतात. ला कादियेर-दाझ्यूर, ल कास्तले आणि सँ-सिर-स्यूर-मेर ही तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे, कारण बाटलीच्या लेबलवर बहुधा तीच दिसतात.

लाल बांदोलमध्ये निम्म्याहून कमी मूर्वेद्र द्राक्ष चालत नाही, आणि चांगले उत्पादक ते प्रमाण बरंच वर नेतात. उरलेल्या भागात मुख्यतः ग्रेनाश आणि सँसो. द्राक्षं हातानेच तोडायची. हेक्टरी 40 हेक्टोलिटरपेक्षा, म्हणजे 4000 लिटरपेक्षा जास्त वाइन काढायची नाही. आणि ती किमान 18 महिने लाकडात ठेवल्याशिवाय विकायची नाही. हे लाकूड म्हणजे बहुतेकदा 'फूद्र' नावाची प्रचंड जुनी पिंपं. एकेकात हजारो लिटर वाइन मावते. त्यामुळे वाइनला लाकडाची चव फारशी लागत नाही, फक्त हवा हळूहळू मिळत राहते.

ही हवा का लागते, हे कळलं की बाटली आधी का उघडायची तेही कळतं. मूर्वेद्रचा स्वभावच कोंडून घेण्याचा आहे. हवा मिळाली नाही तर त्यात गंधकयुक्त संयुगं साचतात आणि ओल्या कातड्याचा, कधी शिकारीच्या मांसाचा वास येतो. पिंपातले 18 महिने त्यावरचा पहिला उपाय, बाटलीतली वर्षं दुसरा, आणि तुमच्या टेबलावरचे तीन तास शेवटचा.

मूर्वेद्र मूळचं स्पेनचं. तिथे त्याला मोनास्त्रेल म्हणतात, ऑस्ट्रेलियात मातारो. साल जाड, पिकायला उशीर, आणि ऊन भरपूर हवं. प्रोव्हान्समधले शेतकरी म्हणतात की मूर्वेद्रला डोकं उन्हात आणि पाय पाण्यात हवेत. बांदोलला दोन्ही मिळतं. वर्षाला सुमारे 3000 तास ऊन, समोर समुद्र, आणि चुनखडी-चिकणमातीची जमीन, जी खोलवर ओल धरून ठेवते. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांच्या शेतांना तिथे 'रेस्तांक' म्हणतात. चुना न वापरता रचलेले ते बांध पाहिले तेव्हा मला सह्याद्रीतल्या ताली आठवल्या. मधूनमधून मिस्त्राल नावाचा कोरडा वारा उत्तरेकडून सुटतो आणि घड कोरडे ठेवतो, त्यामुळे बुरशी कमी लागते.

हे द्राक्ष इथून जवळजवळ नाहीसं झालं होतं. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सभरच्या वेली मारल्या, आणि पुन्हा लागवड करताना लोकांनी जास्त पीक देणाऱ्या सोप्या जाती निवडल्या. मूर्वेद्र परत आणण्याचं श्रेय मुख्यतः लुसियँ पेरो यांना दिलं जातं. त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना किडीच्या आधीच्या काळातली मूर्वेद्रची जुनी बाटली पाजली, आणि तिथून त्यांनी ध्यास घेतला असं सांगतात. त्यांचं दोमेन तांपिए आजही बांदोलमधलं सर्वात परिचित नाव आहे. त्यांच्या पत्नी ल्यूल्यू पेरो 102 वर्षं जगल्या आणि 2020 साली गेल्या. शेकोटीवर रांधून पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या म्हणून त्या सगळीकडे ओळखल्या जात. या वाइनचा आणि स्वयंपाकघराचा संबंध किती जवळचा आहे, ते त्या घराकडे बघून कळतं.

बाटली निवडताना

एक सूचना आधीच. बांदोलमध्ये सगळ्यात जास्त होते ती रोझे, म्हणजे फिकट गुलाबी वाइन. दुकानात 'बांदोल' एवढंच मागितलंत तर तीच हातात येईल. लाल हवी असेल तर 'रूज' म्हणा.

लेबलवर तीन गोष्टी बघायच्या. 'अपेलासिओं बांदोल' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. द्राक्षाच्या हंगामाचं साल हवं. आणि 'मीझां बुतेय ओ दोमेन' किंवा 'ओ शातो', म्हणजे ज्याची शेती त्यानेच बाटली भरली, हेही असलेलं बरं. अल्कोहोल साधारण 14 टक्के असतं. मळ्यावर जाऊन घेतली तर चांगली लाल बांदोल साधारण 25 ते 40 युरोंपर्यंत मिळते. ती स्वस्त नाही, म्हणूनच ती नीट वापरावी असं मला वाटतं.

उत्पादकांपैकी माझी आवड सांगते. शातो दे पिबार्नोंचे मळे ला कादियेरच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून जवळपास 300 मीटर उंचीवर आहेत. त्यामुळे वाइनमध्ये ताजेपणा जास्त टिकतो. लाल बांदोल पहिल्यांदा पिणाऱ्याला मी हीच देईन. शातो प्रादो अगदी दुसऱ्या टोकाला. हा मळा 1752 पासून पोर्तालीस घराण्याकडे आहे, आणि नेपोलियनच्या दिवाणी कायद्याचा मसुदा करणाऱ्यांपैकी एक पोर्तालीस याच घराण्यातले. इथली वाइन नियमापेक्षा कितीतरी जास्त काळ फूद्रमध्ये राहते, आणि तरुणपणी ती खरंच कठोर असते. दहा वर्षं थांबायची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. तांपिए या दोघांच्या मधे बसते.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे. तीन-चार वर्षांच्या बाटलीत ब्लॅकबेरी, आलुबुखार, काळी मिरी असं फळ आणि मसाला भरपूर असतो, पण तुरटपणाही तेवढाच. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पुष्कळ बाटल्या गप्प होतात. त्या काळात विकत घेतलीत तर ठेवून द्या. आठ ते बारा वर्षांची बाटली हा सर्वात आनंदाचा टप्पा. तुरटपणा मऊ झालेला असतो, आणि फळाच्या मागून ज्येष्ठमध, चामडं, ओली माती, डोंगरावरच्या थाइम-रोझमेरीच्या झुडपांचा वास येऊ लागतो. चांगल्या सालाची बाटली वीस वर्षंही राहते, पण मग तिला वेगळं, सौम्य जेवण लागतं. ते पुढे सांगते.

शुक्रवार रात्र: दोब भिजत घालणं

दोब म्हणजे वाइनमध्ये मंद शिजवलेलं मांस. प्रोव्हान्समध्ये ती बहुतेक ठिकाणी गोमांसाची करतात, पण अविन्यों शहरात परंपरेने मेंढीच्या मांसाची करतात. आम्ही घरी तीच करत आलो. तेव्हा मटणाची दोब म्हणजे काही तडजोड नव्हे.

सहा जणांसाठी दीड किलो मटण घ्या, खांदा आणि नळीचे भाग मिळून. तुकडे मोठे हवेत, प्रत्येकी 80 ते 100 ग्रॅमचे. लहान तुकडे तीन तासांत भुगा होतात. नळी आणि सांध्याजवळचं मांस मुद्दाम मागा, कारण त्यातलं कोलॅजन शिजून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटेल असा होतो. वाइनच्या तुरटपणाला उतारा तोच आहे.

मोठ्या भांड्यात मटण, चार भाग केलेले दोन कांदे, जाड काप केलेली तीन गाजरं, ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या, दहा मिरीदाणे आणि तीन लवंगा घाला. थाइमच्या चार-पाच काड्या, थोडी पार्सली आणि दोन बे लीफ दोऱ्याने बांधून टाका. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं असतं आणि त्याला दालचिनीकडे झुकणारा वास येतो, त्यामुळे ते इथे चालत नाही. बे लीफ नसेल तर सरळ वगळा. मग संत्र्याच्या सालीची बोटभर लांबीची एक पट्टी, आतला पांढरा भाग खरवडून. ही साल दोबची ओळख आहे, पण एकच पट्टी. दोन घातल्या की रस्सा कडवट होतो. वरून लाल वाइनची एक पूर्ण बाटली, म्हणजे 750 मिली, ओता. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, बारा ते अठरा तास.

शिजवायला बांदोल वापरू नका. उकळल्यावर तिची सूक्ष्मता काहीच उरत नाही. ग्रेनाश किंवा सिरा असलेली साधी लाल वाइन पुरते. भारतात असाल तर नाशिककडची सिराझ छान चालते. फक्त एक अट, जी वाइन ग्लासात प्यावीशी वाटणार नाही ती पातेल्यातही घालू नये. आंबूस वाइन आटल्यावर आणखी आंबूस होते.

शनिवार: शिजवणं

मटण गाळून काढा. वाइन वेगळी, भाज्या वेगळ्या. मटणाचा प्रत्येक तुकडा कापडाने किंवा कागदाने अगदी कोरडा करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ओलं मटण तेलात परतलं जात नाही, नुसतं वाफतं, आणि तपकिरी रंग आला नाही तर दोबला खोली येत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे ऑलिव्ह तेल तापवून तुकडे थोडे थोडे करून सगळ्या बाजूंनी खरपूस परता. मीठ याच वेळी, पण हात आखडता घ्या, कारण नंतर ऑलिव्हचं मीठ येणार आहे. मटण काढून त्याच तेलात भाज्या परता. मग भिजवणातली वाइन ओतून उकळी आणा. वर राखाडी फेस येईल, तो काढून टाका. चारेक मिनिटं उकळू द्या, म्हणजे कच्च्या वाइनचा झोंबरा वास जातो. आता मटण परत घाला. रस मटणाच्या जेमतेम वरपर्यंत यायला हवा. कमी असेल तर गरम पाणी घाला.

प्रोव्हान्समध्ये यासाठी 'दोबिएर' नावाचं मातीचं भांडं असतं, पोट मोठं आणि तोंड अरुंद. त्याच्या खोलगट झाकणात पाणी घालून ठेवतात. आतली वाफ थंड झाकणाला लागून थेंब होऊन परत मटणावर पडते. आजींनी ते दाखवलं तेव्हा मला एकदम आईचं पातेलं आठवलं. मटण शिजवताना ती वर ताट ठेवून त्यात पाणी घालायची, आणि तेच कोमट पाणी लागेल तसं आत ओतायची. दोबिएर नसेल तर तेच करा. खोलगट ताट, त्यात पाणी, आणि गॅस अगदी बारीक. रश्श्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, त्याहून जास्त नाही. ओव्हन असेल तर झाकलेलं पातेलं 140 अंश सेल्सिअसवर ठेवा. मेंढीच्या मांसाला तीन तास लागतात, बोकडाला बहुधा अर्धा तास जास्त. काटा घातल्यावर मांस हाडापासून विनाहट्ट सुटलं की झालं. प्रेशर कुकरमध्ये मांस मऊ होतं, पण रस आटत नाही आणि वाइनचा आंबटपणा तसाच राहतो. मी तो इथे वापरत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात शंभरेक ग्रॅम काळे ऑलिव्ह घाला. डब्यातले एकसारखे काळेभोर, बिया काढून काप केलेले ऑलिव्ह घेऊ नका. ते बहुधा प्रक्रियेने काळे केलेले असतात आणि त्यांना चव नसते. सुरकुतलेले, झाडावरच पिकलेले, तेलकट ऑलिव्ह शोधा. आजी दोन अँकोव्ही मासे चुरून घालायच्या. मासळीचा वास येत नाही, नुसती चव गडद होते.

मग गॅस बंद. खाऊ नका. थंड झाल्यावर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी वर पांढऱ्या चरबीचा थर आलेला असेल. त्यातला बराचसा काढा, पण दोन चमचे ठेवा.

रविवार सकाळ: बाटली

आदल्या संध्याकाळी बाटली उभी करून ठेवलेली असावी, म्हणजे साका तळाला बसतो. दहा वर्षांवरच्या बांदोलला साका असतोच, ते दूषण नाही.

वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला वाढायची. 'रूम टेम्परेचर' हा शब्द इथे घात करतो, कारण तो दगडी घरांच्या गारव्याला उद्देशून होता. पुण्यात एप्रिलमध्ये खोली 32 अंशांवर असते, आणि त्या तापमानाला 14 टक्क्यांची वाइन नुसती अल्कोहोलची वाफ मारते. फ्रिजमध्ये ठेवून काढा. बाटली हाताला स्पष्ट गार लागावी, पण तिच्यावर घाम येऊ नये.

आठ वर्षांपर्यंतची बाटली जेवणाआधी तीन तास रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. नुसतं बूच काढून ठेवण्याचा उपयोग फार थोडा, कारण बाटलीच्या गळ्यातून रुपयाएवढ्या पृष्ठभागालाच हवा लागते. ओतल्याबरोबर एक घोट चाखा, तासाने दुसरा, मग तिसरा. पहिल्या वासात कातडं आणि लोखंड असेल, तिसऱ्यात फळ वर आलेलं असेल. हा बदल स्वतः चाखून पाहिल्याशिवाय कितीही वाचलं तरी पटत नाही. हवा चालू असेल तर जग ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवा.

पंधरा वर्षांवरची बाटली मात्र वाढण्याच्या अर्धा तास आधीच उघडा, आणि हळुवार एका धारेत ओता. गळ्याशी साका दिसला की थांबा. जुन्या वाइनचा सुगंध नाजूक असतो, तीन तासांत उडून जातो.

ग्लास मोठ्या पोटाचा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. सहा जणांना एक बाटली म्हणजे प्रत्येकी 125 मिली. दोबबरोबर ती पुरत नाही, पण दोनाच्या वर जाऊ नका.

वाढताना

दोब मंद आचेवर गरम करा. प्रोव्हान्समध्ये तिच्याबरोबर 'माकारोनाद' करतात. उकडलेली मॅकरोनी दोबच्या रश्श्यात घोळवून वर किसलेलं चीज. उकडलेले बटाटेही चालतात. भात मला आवडत नाही, कारण तो रस पिऊन टाकतो आणि वाइनला धरायला काही उरत नाही.

आता एक घास आणि मग एक घोट घ्या. वाइनमधलं टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसं होतं. तोंडात मांसाची प्रथिनं, चरबी आणि जिलेटिन असलं की टॅनिन त्यांच्याशी बांधलं जातं आणि तुरटपणा विरतो. मीठही तो कमी करतं. उरतं ते फळ, मिरी आणि त्या डोंगराचा वास. दोबमधली संत्र्याची साल, ऑलिव्ह आणि थाइम हे तिन्ही वास वाइनमध्ये आधीपासून कुठेतरी असतात. घास आणि घोट एकमेकांना ओळखतात तो हाच क्षण.

दोब नसेल तर

मेंढीची रान हा दुसरा उत्तम मार्ग. दोन किलोच्या रानेला सुरीने टोचून लसणाच्या फोडी भरा, ऑलिव्ह तेल, मीठ, थाइम, रोझमेरी चोळा. आधी 220 अंशांवर वीस मिनिटं, मग 180 वर आणखी पाऊण तास, आणि काढल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा. आत गुलाबी राहते. चार-पाच वर्षांच्या बाटलीला हे जेवण जास्त शोभतं, कारण अर्धकच्च्या मांसाची प्रथिनं तरुण टॅनिनला सर्वात चांगली आवरतात. हिवाळ्यात तिथे रानडुकराचा रस्सा करतात. तो मिळाला तर दहा वर्षांची बांदोल उघडायला कचरू नका.

वीस वर्षांच्या बाटलीला यातलं काहीच नको. तिला लोण्यात परतलेले मश्रूम, थोडी पार्सली आणि चांगला पाव एवढंच पुरतं.

शाकाहारी घरात ही वाइन निरुपयोगी आहे असं म्हणतात, ते मला मान्य नाही. फक्त तुरटपणाला धरायला तेल, मीठ आणि खरपूसपणा तिन्ही हवेत. वांग्याचे जाड काप भरपूर ऑलिव्ह तेलात ओव्हनमध्ये तांबूस भाजा आणि वर तापनाद पसरा, म्हणजे काळे ऑलिव्ह, केपर आणि लसूण यांचं वाटण. त्यात अँकोव्ही घालतात, ती वगळता येते. मश्रूम आणि मसुरीची दोबसुद्धा होते, तीही संत्र्याची साल घालूनच, पण तिच्याबरोबर दहा वर्षांवरची बाटली हवी. तरुण बाटली तिला दाबून टाकते.

चीजमध्ये मेंढीच्या दुधाचं कडक, जुनं चीज घ्या, पिरेनीजचं ओसो-इराती उत्तम. प्रोव्हान्सचं स्वतःचं बानों हे चेस्टनटच्या पानांत बांधलेलं शेळीचं चीज सुरेख असतं, पण त्याचा ओघळता आंबटपणा या तुरटपणाशी पटत नाही. त्याला पांढरी वाइन द्या.

टाळायचं काय? मासे, अपवाद न करता. आंबट सॅलड. गोड काहीही, कारण गोडासमोर ही वाइन कडू होते. चॉकलेटबरोबर लाल वाइन चालते असं कितीही ऐकलं असलं तरी इथे नको.

आपल्या मटणाबरोबर

हा प्रश्न मला नातेवाईक नेहमी विचारतात. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन उघडू नका. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिनने आणखी बोचते, आणि इतक्या मेहनतीने मिळणारी चव जिभेला कळतच नाही. व्हिंदालूत व्हिनेगरही असतं, म्हणजे दुहेरी अडचण. पण काळ्या मसाल्याचं सुकं मटण, ज्यात लवंग, दालचिनी, दगडफूल आणि भाजलेलं खोबरं पुढे आहे आणि मिरची मागे, त्याच्याबरोबर आठ-दहा वर्षांची बांदोल फार सुंदर जाते. दगडफुलाचा तो रानातला वास वाइनमधल्या मातीच्या वासाला भेटतो. मिरची नेहमीच्या एक तृतीयांश करा, चिंच-कोकम घालू नका, आणि मटण कढईला लागेपर्यंत कोरडं होऊ द्या. निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत हिरव्या मिरचीऐवजी लसूण आणि मिरीपुडीवर केलंत, तर तेही जमतं.

ठेवायची कशी, उरली तर काय

बाटली आडवी, अंधारात, 12 ते 14 अंशांत ठेवायची असते. आपल्याकडच्या घरात ते शक्य नसेल तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तरी ठेवू नका, तिथे सर्वात जास्त उष्णता असते. एखादं वर्ष ठेवायची असेल तर फ्रिजचा भाजीचा कप्पा परवडला. तो जरा जास्त गार आहे, पण दोन उन्हाळे कपाटात काढलेल्या बाटलीपेक्षा तिथली बाटली कितीतरी बरी. विमानातून आणली असेल तर लगेच उघडू नका, महिनाभर विसावू द्या.

उरलेली तरुण बांदोल बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुष्कळदा आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत संपवा. उरलेल्या दोबचं मांस नीसमध्ये बारीक चिरून पालेभाजीबरोबर राव्हियोलीत भरतात. आमच्याकडे सोमवारी ते चिरून, त्याच रश्श्यात जरा आटवून, पावावर घालून खातात, आणि फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेला वाइनचा शेवटचा ग्लास त्याच्याबरोबर असतो.